मुद्दा आढळला नाही

निकाल मोबाइलवर आला तेव्हा शेवंता हरभऱ्याची भाजी निवडत होती. हात पदराला पुसून तिने मोबाइल धाकट्या जावेकडे दिला. विजयमाला खाटेवर उशीला टेकून बसली होती. शेजारी प्राणवायूचं यंत्र हळू आवाजात चाललं होतं. तिने चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं.

“सांग की,” शेवंता म्हणाली. “का मीच वाचू?”

“वाचा आक्का. तेवढ्यासाठी तर शिकवलंय.”

बी.ए.चे बाकी सगळे विषय सुटले होते. समाजशास्त्राचा एक पेपर अडला होता. त्यातल्या जवळपास प्रत्येक प्रश्नापुढे एकच ओळ होती. शेवंताने बोट ठेवून ती वाचली. ‘मुद्दा आढळला नाही.’

“म्हंजे? पानंच्या पानं लिहिली मी. मनगट दुखलं माझं.”

“थट्टेच्या नात्यावर काय लिहिलंत?”

“तू सांगितलंस तेच. दीर-भावजयीत थट्टा चालती. तुझ्या लग्नात पंगत उठल्यावर मी दिराच्या विड्यात मिरची घातली. वरातभर त्याच्या डोळ्यांतनं पाणी.”

“आणि मी शेजारी बसून म्हणतेय, माहेर सुटलंय माझं, हा का रडतोय!” विजयमाला हसायला लागली. हसण्याचा खोकला झाला आणि शेवंताला तिची पाठ चोळावी लागली. खोकला थांबल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, “माझ्यामुळे नापास झालात तुम्ही.”

“गप. काहीतरी बोलू नकोस.”

पण ते वाक्य घरात राहिलं.

इचलकरंजीतल्या बहुतेक मागांना आता माणूस लागत नव्हता. शेवंताचं आयुष्य मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेलं होतं. सूत संपत आलं की आवाजावरून कळायचं, पण भिंतीवरची पाटी वाचता यायची नाही. विजयमाला या घरात आली ती डी.एड. होऊन, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून. थोरलीला अक्षर येत नाही आणि धाकटीला भाकरी येत नाही, यावरून दोघी जावांत सुरुवातीलाच ठिणगी पडली. पुढे चुली वेगळ्या झाल्या. एकाच अंगणात कित्येक वर्षं दोघींनी एकमेकींशी शब्द काढला नाही.

दोघींचे नवरे गेले, पोरं पुण्याकडे गेली, तेव्हा कुठे अंगण एक झालं. एकदा शेवंता वीजमंडळाचा कागद घेऊन आली होती. विजयमाला म्हणाली, “वाचून दाखवणार नाही. बसा, शिकवते.” शेवंताला राग आला होता, पण ती बसली. ‘क’पासून सुरू झालेलं ते शिक्षण बी.ए.पर्यंत पोचलं. आता विजयमालाची फुप्फुसं आखडत चालली होती. डॉक्टर तारीख सांगत नव्हते आणि तीही विचारत नव्हती. एवढंच म्हणायची, “आक्का, तुमची पदवी बघून मग काय ते.”

पुरवणी परीक्षा दिवाळीनंतर होती.

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका आता माणसं तपासत नव्हती. प्रत्येक प्रश्नाचे मुद्दे ठरलेले असत. यंत्र उत्तरात ते मुद्दे शोधी. सापडेल त्याला गुण. त्यामुळे मूळ पुस्तक कुणी उघडत नसे. पोरं ‘सार’ वाचत. सबंध पुस्तकाचं चार पानांत सार करून मिळे.

“रस काढून ग्लासात देतात,” विजयमाला म्हणायची. “पिऊन मोकळं व्हायचं. दातांनी ऊस सोलायची मजा कुणी घ्यायची?”

“तुझे दात हाईत, माझं पडलं,” शेवंता म्हणायची. तरी सार नुसतं वाचून तिच्या डोक्यात राहत नसे. तिने ते करून पाहिलं होतं. कोरडे मुद्दे आज वाचले की उद्या गायब.

निकालानंतरच्या आठवड्यात ती एकटीच अभ्यासकेंद्रावर गेली. केंद्रचालक पाटोळे सर तरुण होते, मनाने चांगले होते. त्यांनी कपाळाला बांधायची एक मऊ पट्टी तिच्यापुढे ठेवली.

“मावशी, सूप माहीत आहे ना? झोपेत मेंदू तेच करतो. दिवसभरातलं सगळं पुन्हा चाळतो, पाखडतो. दाणा ठेवतो, फोलकट उडवतो. प्रत्येकाच्या डोक्यात हे चालतं. फक्त फार सावकाश. कधी कधी वर्षं लागतात. म्हणून लहानपणीची जत्रा आठवते, पण त्या दिवशी काय काय बोललो ते आठवत नाही.”

“मग पट्टी काय करती?”

“वर्षांचं काम एका झोपेत करते. तुम्ही अभ्यास करताना हा मोबाइल ऐकत असतो. त्याच्याकडे साराचे मुद्दे असतात. कुठलं वाक्य मुद्द्यातलं आणि कुठलं नुसती भर, ते तो टिपून ठेवतो. मग तुम्ही पट्टी बांधून झोपता. मेंदूत मुद्द्याची लहर उठली, की पट्टी तिला हलकासा विजेचा टेकू देते. ती पक्की होते. भरीची लहर उठली की तिला विरू देते. डोक्यात जागा होते.”

“दुखत न्हाई?”

“मुंगीसुद्धा चावत नाही. फक्त एक. शांत खोलीत, एकट्यानं वाचायचं आणि मग झोपायचं. एवढा नियम पाळा.”

शेवंताने मान हलवली. नियम तिला कळला, पण तो आपल्याला लागू आहे असं काही वाटलं नाही. एकट्यानं वाचणं तिने कधी केलंच नव्हतं. तिचा धडा पुस्तकातून येत नसे, विजयमालाच्या, तिच्या मालाच्या, तोंडून येई. माला बोलली की तो अभ्यास, आणि अभ्यास म्हणजे माला बोलणार. घरात दुसरं कोण होतं?

तेव्हा असं सुरू झालं. दुपारची जेवणं झाली की विजयमाला खाटेवर पाय सोडून बसे. शेवंता जमिनीवर बसून तिच्या तळव्यांना तेल लावी. उशाशी मोबाइल ठेवलेला असे. दाराशी मेहरुन मुजावर येऊन बसे. ती पलीकडच्या गल्लीत कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती, दुपारच्या सुट्टीत येई. तीही याच पेपरात अडकली होती. तिला लहानपणापासून आकडी यायची, म्हणून केंद्राने तिला पट्टी द्यायला नकार दिला होता.

“चला. नातेसंबंधांचे नियम,” विजयमाला सुरू करी. “काही नाती टाळायची असतात. जावई आला की सासू पदर सावरून आत जाते. काही नाती थट्टेची असतात. दीर-भावजय. दोन्हींचं काम एकच, घरात भांडण होऊ न देणं. पुस्तकात सासू-जावई आहे, दीर-भावजय आहे. मग जावा कुठे गेल्या?”

“जावा गेल्या पाण्याला,” शेवंता तेल चोळत म्हणाली. “भांडत भांडत.”

मेहरुनने तोंडावर ओढणी धरली.

“हसू नकोस, लिही,” विजयमाला म्हणाली. “जावांचं नातं. टाळायचंही तेच आणि थट्टेचंही तेच. आधी टाळून घ्यायचं, मग थट्टा करायची. आम्ही आधी टाळलं. फार टाळलं. थट्टेला दिवस थोडे राहिले. हे परीक्षेत लिहू नकोस, गुण मिळणार नाहीत.”

“पाय इकडं कर,” शेवंता म्हणाली. “ह्याला तेल राहिलंय.”

धडा संपला की शेवंता तिथेच चटईवर पट्टी बांधून पडे. खाटेवर विजयमालाचाही डोळा लागे.

फरक लवकर दिसला. मुद्दे शेवंताच्या तोंडात दगडी पायरीसारखे पक्के बसले. कुठूनही विचारा, सुरुवात, मध्य, शेवट. विजयमाला खूश झाली. एका दुपारी ती म्हणाली, “आक्का, ते परवाचं पुन्हा म्हणा की. जावा पाण्याला गेल्या.”

“कोण पाण्याला गेलं?”

“अहो तुम्हीच म्हणालात. भांडत भांडत.”

“मी? न्हाई बाई.” शेवंता तळवा चोळत राहिली. “थट्टेच्या नात्याची कार्यं सांगू? तणावाचं नियमन. भूमिकांची स्पष्टता. गटाची एकात्मता.”

विजयमालाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, “शाब्बास. पुढचं सांगा.” त्या दिवशी तिने धडा लवकर संपवला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायला बसली, आणि नेहमीपेक्षा जास्त बोलली.

शेवंता पहिल्या वर्गात पास झाली. पेढे आले. विजयमालाला गिळायला त्रास व्हायचा, तरी तिने पेढ्याचा कण जिभेवर ठेवला. पदवीचा कागद तिने दोन्ही हातांनी धरला, नाव मोठ्याने वाचलं, आणि शेवंताच्या पायाला हात लावला. शेवंता ओरडली, “अगं, गुरू कधी पाया पडत्यात व्हय?” तेव्हा पट्टी उतरलेली होती, म्हणून हे तिला आठवतं. संक्रांतीच्या आधी विजयमाला गेली.

भेटायला बायका येत होत्या. चुलत नणंद इंदूताई इस्लामपूरहून आल्या. खाट उचलल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेकडे बघून त्यांनी डोळे पुसले.

“शेवंता, शेवटी तूच होतीस गं तिच्याजवळ. काय बोलायची? कशी होती?”

शेवंताने तोंड उघडलं. “आजारी होती,” ती म्हणाली. “सहनशील होती. शिकवायची आवड होती. माझ्या यशाचा तिला आनंद झाला.”

बायका वाट बघत राहिल्या. पुढे काही आलं नाही.

“अगं, पण म्हणायची काय? काही मागितलं, काही बोलली?”

शेवंता मनात शोधायला गेली. रोजची दुपार होती, तेल होतं, तळवे होते. मालाचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. ती आणखी मागे गेली. मालाचं लग्न. मांडव होता, पंगत होती, वरात निघाली होती. दिराच्या डोळ्यांत पाणी होतं. का होतं?

“दीर का रडला वं मालाच्या लग्नात?” तिने इंदूताईंना विचारलं.

इंदूताईंनी दुसऱ्या बाईकडे पाहिलं. “धक्का बसलाय तिला,” त्या हळूच म्हणाल्या. “पाणी द्या.”

पण सगळंच गेलं नव्हतं, आणि हेच वाईट होतं. बायका गेल्यावर शेवंता एकटी बसली तेव्हा एकेक आठवायला लागलं, लख्ख, काल घडल्यासारखं. पाहुण्यांसमोर माला म्हणाली होती, “आक्कांना अक्षर म्हणजे मुंग्या.” वेगळी चूल मांडली त्या दिवशी तिने तवा आपटला होता, त्याचा आवाज. मालाला ताप भरलेला असताना शेवंता दारावरून गेली होती आणि आत डोकावली नव्हती. आतून मालाने हाक मारली होती. ती हाक शब्दासकट कानात होती.

ती पट्टी घेऊन केंद्रावर गेली. पाटोळे सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मावशी, अभ्यास कुठं करत होता?”

“मालाजवळ.”

सरांनी कपाळाला हात लावला.

“मोबाइल ऐकत होता,” ते म्हणाले. “त्या बोलण्यातलं जे सारात नव्हतं, ते सगळं त्यानं भर म्हणून टिपलं. पट्टीनं ते विरू दिलं. तिला काय माहीत कोण बोलतंय.”

“पण लग्नाचं? ते तर जुनं हाय. पट्टी नव्हती तवाचं.”

“जुनी आठवण आपण काढली, की ती काही वेळ मऊ होते. मळलेल्या कणकेसारखी. पुन्हा घट्ट व्हायला एक झोप लागते. तुम्ही दुपारी जुन्या गोष्टी काढून हसायचात. त्या मऊ व्हायच्या. आणि तुम्ही लगेच पट्टी बांधून झोपायचात.”

शेवंताला कळलं. जे जे दोघींनी आठवून बोलून घेतलं, ते गेलं. जे कधीच बोलल्या नाहीत, त्याला पट्टी शिवली नाही. भांडणात नेमकं काय काय झालं, त्याबद्दल त्या दोघी कधी बोलल्या नव्हत्या. गरजच वाटली नव्हती.

“परत येतं का?”

“नाही मावशी. कुणी सांगितलं तर कळेल. पण ते ऐकलेलं असेल.”

“माझा पहिला पेपर? नापास झाले तो? त्यात मी सगळं लिहिलं होतं. मालाचं.”

सरांनी यंत्रावर पाहिलं. “उत्तरपत्रिका ठेवत नाहीत हो. त्यातले मुद्दे तेवढे ठेवतात. तुमच्या पहिल्या पेपरात मुद्दे नव्हते.”

मेहरुन नापास झाली होती. उन्हाळ्याच्या परीक्षेचा फॉर्म भरून ती शेवंताकडे आली आणि नेहमीसारखी दाराशी बसली.

“मावशी, मला मुद्दे द्या. माझ्या डोक्यात टीचरच्या गोष्टीच येतात. विड्यातली मिरची, वरातीत रडणारा नवरा. त्याला कोण गुण देणार?”

शेवंता चुलीपाशी होती. तशीच वळली. “मिरची कुणी घातली?”

“तुम्ही!”

“सांग.”

मेहरुनने सांगितलं. पंगत, विडा, वरात. मालाचा आवाज काढून म्हणाली, “‘माहेर सुटलंय माझं, हा का रडतोय!’” शेवंता ऐकत राहिली. गोष्ट मजेची होती. तिला हसूही आलं, शेजारणीच्या घरातलं ऐकून येतं तसं. आत कुठे काही हललं नाही.

“तू मला हे दे,” ती म्हणाली. “मी तुला मुद्दे देते.”

मग दुपारी पुन्हा शाळा भरली. मेहरुनच्या सुट्टीतला निम्मा वेळ शेवंता मुद्दे सांगे, निम्मा वेळ मेहरुन माला सांगे. जावा पाण्याला गेल्या, तेही आलं. आधी टाळून घ्यायचं, मग थट्टा करायची, तेही आलं. एकदा मेहरुन सांगता सांगता अडखळली.

“काय गं?”

“एक सांगायचं राहिलंय. टीचरना कळलं होतं.”

शेवंताचा हात थांबला.

“तुम्हाला पाण्याचं आठवेना, त्या दिवशी. तुम्ही झोपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, ‘आक्का माझ्यामुळे एकदा नापास झाल्यात. पुन्हा होऊ द्यायच्या नाहीत. तू काही बोलू नकोस. माझी बडबड तुझ्याकडे ठेव.’ मग दुसऱ्या दिवसापासून जास्त बोलायला लागल्या. ते माझ्यासाठी होतं मावशी. म्हणजे, तुमच्यासाठी. माझ्याकडे ठेवायला.”

शेवंता म्हणाली, “मला विचारायचं तरी.”

“काय म्हणाला असता?”

“पट्टी चुलीत घातली असती.”

“म्हणून नाही विचारलं.”

उन्हाळा चढत गेला तसं शेवंताच्या आणखी एक लक्षात आलं. मेहरुनची गोष्ट दर खेपेला थोडी लहान होत होती. वरातीतला बँड पहिल्यांदा होता, मग गेला. मालाचा खोकला आधी दोनदा यायचा, आता एकदाच. मेहरुनच्या कपाळाला पट्टी नव्हती. तिचं डोकं आपलं आपण, सावकाश पाखडत होतं. एक दिवस घाईत ती म्हणाली, “थोडक्यात सांगायचं तर...” शेवंताने तिच्या तोंडावर हात ठेवला.

त्याच दिवशी शेवंताने गुण वाढवण्यासाठी म्हणून त्याच पेपरला पुन्हा नाव नोंदवलं. पदवी होतीच, ती कुठे जाणार नव्हती. पाटोळे सरांना काही समजेना. “मावशी, पहिला वर्ग आहे तुमचा!”

“बसू दे की. फी भरती मी.”

परीक्षेच्या खोलीत मेहरुन पुढच्या बाकावर होती. प्रश्न आला: थट्टेचं नातं स्पष्ट करा. शेवंताला मुद्दे लगेच आठवले, तिन्ही, ओळीने. तिने ते येऊ दिले आणि जाऊ दिले. हा पेपरही कुणी ठेवणार नव्हतं, पण एकदा तरी काही न गाळता सगळं स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. मग लिहायला घेतलं. माझ्या धाकट्या जावेच्या लग्नात पंगत उठल्यावर मी दिराच्या विड्यात मिरची घातली. बँड लिहिला. दोन्ही खोकले लिहिले. तेल लिहिलं. जे मेहरुनने सांगितलं नव्हतं पण तिला स्वतःला आठवत होतं, तेही पहिल्यांदाच लिहिलं. तापातली हाक, आणि आपण आत न जाणं. मनगट दुखलं. ‘क’ काढताना मालाने बोट धरलं होतं ते तिला माहीत होतं. आठवत नव्हतं, पण अक्षराचं वळण मालाचंच होतं.

निकालाच्या दिवशी मेहरुन पेढे घेऊन धावत आली. पास झाली होती. तिने शेवंताचा मोबाइल उचलला आणि तिचा चेहरा उतरला. प्रत्येक प्रश्नापुढे तीच ओळ होती.

“मावशी! हे काय केलं? मुद्दे तर तुम्हीच मला शिकवले!”

“ते तुला दिले. माझ्याकडं दुसरं होतं.”

मेहरुन पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन बसली. “टीचर असत्या तर फार रागावल्या असत्या.”

“काय म्हणाली असती?”

मेहरुनने डोळे मिटले. मग मान जराशी तिरकी करून, श्वास अडकवत, मालाच्या आवाजात म्हणाली, “‘आक्का, तुम्हाला शिकवून मी मेले, आणि तुम्ही पुन्हा मिरचीवर आलात!’”

“अशी म्हणाली असती?”

“अश्शीच.”

शेवंताने मान हलवली. जन्म काढलेल्या गावाची वाट एखाद्या वाटसरूला विचारावी आणि तो सांगेल तिकडे मुकाट चालू लागावं, तशी.

“परत म्हण,” ती म्हणाली. “आणि तो मधला श्वास गाळू नकोस.”